चिनूची दाढ

आज चिनूची किडलेली दाढ निघाली. दांडिया बाजारातल्या आमच्या घरात आठ दिवस त्याचीच तयारी चालू होती. चिनू सात वर्षांचा, त्याला तीव्र हिमोफिलिया ए, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार. रक्त गोठायला लागणारं प्रथिन, फॅक्टर 8, त्याच्यात नेहमीच्या प्रमाणाच्या 1 टक्क्याहूनही कमी आहे.

मागच्या वर्षी एका दवाखान्यात "दुधाचीच दाढ, दोन मिनिटांचं काम" म्हणत थेट चिमटा उचलला होता. मी पोराला कडेवर घेऊन बाहेर पडले. तो राग अजून गेलेला नाही.

आज आधी रक्ताच्या डॉक्टरांची चिठ्ठी, मग शिरेतून फॅक्टर आणि लगेच दाढ. भूल दाताशेजारी हिरडीतच दिली. जबड्यात मागे खोल सुई दिली आणि आत रक्त साकळलं, तर सूज गळ्यापर्यंत जाऊन श्वास अडकू शकतो, हे डॉक्टरांनी मला कागदावर चित्र काढून समजावलं. खड्ड्यात विरघळणारा स्पंज, वर टाका. घरी ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, म्हणजे रक्ताची गुठळी टिकवून ठेवणारं औषध. दुखलं तर पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन अजिबात नाही, त्यांनी रक्त जास्त वाहतं.

एक गोष्ट मनाला फार लागली. हिरड्यांतून रक्त येतं म्हणून मीच त्याला ब्रश कमी करायला लावायची. त्यानेच हिरड्या सुजल्या, दाढही किडली. अशी मुलं घरात असतील तर मऊ ब्रशने रोज दोनदा दात घासून घ्या हो.

संध्याकाळी गार केलेला दहीभात खाल्ला त्याने, हळूहळू, एका बाजूने. आता झोपलाय. उशीला पांढरा अभ्रा घातलाय, मोबाईलच्या उजेडात मी दर तासाला बघतेय. अजून कोराच आहे.