तुम्ही विचारलंत म्हणून: समुद्राकाठी बॉल आखूड का पडतो?

समुद्राकाठच्या रिसॉर्टवर गोल्फ खेळून आलेले बरेच जण विचारतात, "तिथली दमट हवा जड असते, म्हणून बॉल कमी जातो का हो?" नाही. पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी, त्यामुळे दमट हवा उलट किंचित विरळच असते आणि उकाडा तिला आणखी विरळ करतो. डोंगरावर खेळायची सवय असेल तर काही यार्ड कमी पडतील, पण ते उंचीमुळे.

खरा हिशेब वाऱ्याचा. सकाळ चढली की खारे वारे सुटतात आणि दुपारी जोर धरतात. ताशी 16 किलोमीटरचा वारा समोरून असेल, तर 150 यार्डांचा फटका साधारण 15 यार्ड आखूड पडतो. तोच वारा पाठीशी असला तर फायदा जेमतेम 7-8 यार्डांचा. पुष्कळ जण क्लब (बॉल मारायची काठी) तोच ठेवून जोर वाढवतात आणि तिथेच फसतात. जोरासोबत बॅकस्पिन (बॉलची उलटी फिरकी) वाढतो, बॉल वर चढतो आणि वाऱ्यात अडून खाली येतो. सात नंबरऐवजी सहाचं आयर्न घ्या (आयर्न म्हणजे लोखंडी क्लब; नंबर कमी तितका बॉल लांब आणि खालून जातो), वारा फारच असेल तर पाचचं. ग्रिप इंचभर खाली धरा, बॉल किंचित मागच्या पायाकडे ठेवा, स्विंग पाऊणच करा. झेंड्यावर विसंबू नका, आडोशाला तो लुळा पडलेला असतो. माडांचे शेंडे पाहा.

गवतही दगा देतं. खारं पाणी सोसतं म्हणून अशा ठिकाणी बहुधा पास्पालम लावतात. त्यावर बॉल फारसा घरंगळत नाही, त्यामुळे ग्रीनच्या (होलभोवतीच्या आखूड गवताच्या) अलीकडे टाकून पुढे पळवायचा बेत सहसा फसतो. बॉल हवेतूनच ग्रीनवर उतरवा.

आणि पुळणीवर गेलाच, तर आधी खुंट्यांचा रंग बघा. लाल असतील तर तो पेनल्टी एरिया. वाळू असली तरी तो बंकर (मुद्दाम केलेला वाळूचा खड्डा) नव्हे. 2019 च्या नियमांपासून तिथे बॉलमागे क्लब टेकवता येतो. बॉल खेळण्याजोगा नसेल तर एका फटक्याचा दंड घेऊन, बॉलने जिथून हद्द ओलांडली तिथून दोन क्लबांच्या अंतरात, होलच्या जवळ न सरकता ड्रॉप करा, म्हणजे हातातून खाली सोडा. खुंट्या पांढऱ्या असतील तर मात्र आउट ऑफ बाउंड्स, म्हणजे मैदानाच्या हद्दीबाहेर: एका फटक्याचा दंड, आणि पुन्हा मूळ जागेवरून.

हो, ग्लोव्ह दोन न्या, आलटूनपालटून वाळवायला. सनस्क्रीन लावलेले हात ग्रिपला लावण्याआधी पुसा.