तुम्ही विचारलंत म्हणून: पिल्लं घ्यायला आम्ही नाही का म्हणतो

पावसाळा तोंडावर आला की फोन सुरू होतात. "जिन्याखाली पिल्लं आहेत, आई दिसत नाही. मांजरांच्या शेल्टरमध्ये काम करता ना तुम्ही? मग घेत का नाही?" मागोमाग, "दया येत नाही का?" येते. तरीही नाही म्हणावं लागतं. ते का, हे एकदा नीट सांगते.

आई बहुतेक वेळा गेलेली नसते. खायला मासळी बाजाराकडे गेलेली असते, नाहीतर तुम्ही तिथे उभे आहात म्हणून एखाद्या गाडीखाली दबून बसलेली असते. जागा बदलताना ती एकेक पिल्लू मानेला धरून नेते, तेव्हा मागे राहिलेलं पिल्लू टाकून दिल्यासारखं वाटतं. पिल्लांभोवती थोडी कणीक भुरभुरा आणि लांब जा. तासा-तासाने दुरूनच नजर टाका. कणकेत पावलं उमटली, पिल्लं उबदार आणि पोटं टम्म असली, तर आई येतेय. हात लावू नका. गार, ओली, सतत ओरडणारी असतील तर मात्र थांबू नका, उचला. पण आधी ऊब, मग दूध: गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. गाईच्या दुधाने जुलाब होतात, पिल्लांच्या दुधाची पावडर मिळते ती आणा. पाजताना पिल्लू पोटावर हवं. उताणं धरून पाजलं की दूध फुप्फुसात जातं.

आता खरं कारण.

एका जुलैत संध्याकाळी बाजाराच्या पिशवीतून दोन पिल्लं आली. दीडेक महिन्याची, खेळती. नवीन आलेल्यांची वेगळी खोली भरलेली होती, म्हणून ती लहान पिल्लांच्या खोलीत कोपऱ्यातल्या पिंजऱ्यात ठेवली. 'मध्ये तीन फूट अंतर आहे, भांडी वेगळी ठेवू,' हे म्हणणं माझंच होतं.

चौथ्या दिवशी त्यातल्या एकाने खाणं सोडलं. पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसलं होतं, पीत नव्हतं. पॅनल्यूक, म्हणजे मांजरांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार, एकदा पाहिलेल्या माणसाला ते बसणं लगेच ओळखू येतं. रात्री फेसाळ पिवळ्या उलट्या झाल्या, पहाटे ताप उतरून अंग गार पडलं आणि गेलं. दुसरं दुसऱ्या दिवशी. पुढच्या दोन आठवड्यांत आधीच्या नऊपैकी सहा गेली.

भांडी खरंच वेगळी होती. शी-शूची वाळू उचलायचं खुरपं एकच होतं. हा विषाणू विष्ठेतून पसरतो आणि हातावरून, चपलेच्या तळव्यावरून, अशा खुरप्यावरून पिंजऱ्यापिंजऱ्यात पोचतो. तीन फुटांनी त्याला काही फरक पडत नाही. लादी दोन वेळा फिनेलने पुसली जायची. फिनेलने तो मरत नाही, आणि मांजराचं यकृत फिनेल पचवू शकत नाही, म्हणजे नुकसान दुहेरी. ब्लीच लागतं: आधी साबणाने घाण पूर्ण धुवायची, मग लिटरभर पाण्यात साधारण 30 मिली ब्लीच घालून जागा 10 मिनिटं ओली ठेवायची, मग साध्या पाण्याने धुवायची. द्रावण रोज ताजं. गोधड्या आणि नखं घासायचे सुतळी गुंडाळलेले खांब टाकूनच द्यावे लागले, कारण त्यांच्यातून तो निघत नाही. बंद खोलीत हा विषाणू वर्षभर टिकू शकतो.

"लस दिली नव्हती का?" दिली होती, पण पहिलाच डोस झाला होता. ट्रायकॅट ही पॅनल्यूकवरही चालणारी लस सहा ते आठ आठवड्यांना सुरू होते आणि दर तीन-चार आठवड्यांनी, पिल्लू 16 आठवड्यांचं होईपर्यंत द्यावी लागते. आईकडून आलेलं संरक्षण लसीचं काम अडवतं, आणि ते कधी ओसरतं हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं. मधले काही दिवस पिल्लू उघडंच असतं.

तेव्हा मी म्हणायचे, दाराशी आलेल्या जिवाला परत कसं पाठवायचं? आजही मला त्याचं उत्तर सापडलेलं नाही. ती दोघं बाहेरही जगली नसतीच. पण ती सहा जगली असती. आणि आज मी ज्यांना नाही म्हणते त्यांतली किती जगतात, हे मला कुणी कळवत नाही. हा हिशेब मला अजून मांडता येत नाही.

म्हणून नाही म्हटल्यावर मी फोन ठेवत नाही. आजार अंगात असला तर तो दिसेपर्यंत, 14 दिवस तुमच्याकडे ठेवाल का, असं विचारते: बाथरूम किंवा बाल्कनीचा बंद कोपरा, पुठ्ठ्याचं खोकं, जुन्या चादरीत गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली. घरात दुसरं मांजर नको, असेल तर त्याची लस पूर्ण हवी. वन-आरकेमध्ये चार माणसं राहत असताना हे मागणं किती जड आहे ते मला कळतं. काही जण चिडून फोन ठेवतात, आणि मला त्यांचा राग येत नाही. जे हो म्हणतात त्यांना रोज सकाळी पिल्लाचं वजन करायला सांगते, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर. दिवसाला दहा-पंधरा ग्रॅम वाढायला हवं. वाढलं नाही तर त्याच दिवशी डॉक्टर.

आणि आई दिसली तर तिचा कान बघा. टोक सरळ कापलेलं नसेल (नसबंदी झाल्याची ती खूण) तर बहुधा तिचं ऑपरेशन राहिलंय. अंगावर पाजत असतानाही ती पुन्हा गाभण राहू शकते, आणि मग नऊ आठवड्यांत त्याच जिन्याखाली पुढची पिल्लं. त्यासाठी फोन करा. पिंजरा घेऊन मी येते.