ऑपरेशन काऊन नाही करून राहिले?

"ताई, तुमच्या भावाला झालं होतं तेच आमच्या ह्यांना झालं. अठरा दिवस झाले. स्वादुपिंड आतून सडलं म्हणतात, आणि तरी डॉक्टर नुसते थांबा म्हणून राहिले. ऑपरेशन काऊन नाही करून राहिले?"

असे फोन मला गेल्या तीन वर्षांत बरेच आले. इथे नागपुरात रामदासपेठेतून, धंतोलीतून, मेडिकल कॉलेजच्या वॉर्डाबाहेरून, एकदा गोंदियाहून. दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून बोलणाऱ्या माणसाला घाईघाईत काय सांगणार? तुम्ही विचारलंत म्हणून आज सगळं लिहून काढते. मी डॉक्टर नाही. ५८ दिवस भावाच्या उशाशी बसलेली बहीण आहे, आणि हाच प्रश्न मीही त्याच्या डॉक्टरांना आवाज चढवून विचारला होता.

माझ्या धाकट्या भावाचं इतवारीत भांड्यांचं दुकान आहे. मे महिन्यात एका लग्नाहून आला आणि रात्री वरच्या पोटात कळ उठली. ती थेट पाठीत जायची. पुढे वाकून बसलं तरच जरा बरं वाटायचं. घराजवळच्या एका दवाखान्यात गॅसचं इंजेक्शन देऊन त्याला परत पाठवलं. पहाटेपर्यंत उलट्या थांबेनात, तेव्हा मोठ्या हॉस्पिटलात नेलं. रक्तातलं लायपेज, म्हणजे स्वादुपिंडाचा एक पाचक रस, कितीतरी पटींनी वाढलेलं होतं. स्वादुपिंडाला सूज आली होती, डॉक्टर त्याला पँक्रिएटायटिस म्हणतात.

नातेवाइकांनी सावजी रश्शाला दोष दिला. खरं कारण आमच्याच कपाटात पडलं होतं. दोन वर्षांपूर्वी असंच थोडं दुखलं होतं, सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले होते आणि सर्जनने पित्ताशय काढून टाका म्हणून सांगितलं होतं. यंदाची लग्नसराई होऊ द्या, मग दिवाळी होऊ द्या, असं करत ती फाइल तशीच राहिली. पित्ताची नळी आणि स्वादुपिंडाची नळी आतड्यात जवळपास एकाच तोंडाशी उघडतात. खडा तिथे येऊन अडकला की अन्न पचवायचे पाचक रस स्वादुपिंडातच जागे होतात आणि त्यालाच पचवायला लागतात. खडे आणि दारू ही या आजाराची दोन मोठी कारणं. दहातले आठ जण आठवड्याभरात बरे होऊन घरी जातात. माझा भाऊ उरलेल्या दोघांत होता. सहाव्या दिवशीच्या सीटी स्कॅनमध्ये निम्म्याहून जास्त स्वादुपिंडात रक्त पोचत नव्हतं. तो भाग मेला होता.

मेलेला भाग पोटात ठेवून थांबायचं, हे कोणत्या घरच्यांना पटेल? मी डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेले आणि म्हटलं, पोट उघडा आणि काढा. त्यांनी मला बसवलं, एका जुन्या रिपोर्टच्या पाठीमागे चित्र काढलं आणि विचारलं, "ताई, तुमच्या घरी कच्चं गळू कापायचे का?"

आमची आजी कापू द्यायची नाही. पिकू दे म्हणायची.

पोटातही तेच असतं. पहिल्या दोन आठवड्यांत शरीर आतून पेटलेलं असतं, किडनी आणि फुप्फुसं दमलेली असतात. त्यात मोठं ऑपरेशन म्हणजे आगीवर तेल. शिवाय मेलेलं आणि जिवंत तेव्हा एकमेकांत मिसळलेलं असतं. काढायला गेलं तर जिवंत भाग फाटतो आणि रक्त थांबत नाही. साधारण चार आठवड्यांत शरीर स्वतःच त्या मेलेल्या भागाभोवती भिंत बांधतं आणि आतलं मऊ, पातळ होत जातं. त्यात जंतू शिरले नाहीत, तर पुष्कळांना काहीच काढावं लागत नाही, शरीर ते हळूहळू जिरवतं. हे मला कोणी पहिल्या आठवड्यात सांगितलं असतं तर माझ्या कितीतरी रात्री वाचल्या असत्या.

आणि थांबणं म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नव्हे. सलाईन मोजून द्यावं लागतं, कमी पडलं तर किडनी जाते, जास्त झालं तर फुप्फुसात पाणी भरतं. पूर्वी अशा रुग्णाला उपाशी ठेवायचे. आता तोंडाने जात नसेल तर नाकातून नळी घालून अन्न देतात, कारण आतडं चालू राहिलं तर तिथले जंतू बाहेर पडायचा धोका कमी होतो. भारी अँटिबायोटिक सुरुवातीपासून का देत नाही, म्हणून मी भांडले होते. जंतुसंसर्ग नसताना ते देऊन फायदा होत नाही, उलट खरी गरज पडते तेव्हा औषध लागू पडेनासं होतं. मी एक वही केली होती. ताप, लघवी, नळीतून किती मिली गेलं, श्वास. दर चार तासांनी लिहायचे. सकाळी राउंडला डॉक्टर ती वही मागून घ्यायचे.

तेविसाव्या दिवशी थंडी वाजून ताप भरला. स्कॅनमध्ये मेलेल्या भागात हवेचे बुडबुडे दिसले, म्हणजे जंतू शिरले होते. मला वाटलं, आता तरी उघडतील. डॉक्टर म्हणाले, अँटिबायोटिक सुरू करू, तब्येत धरून राहिली तर भिंत पक्की होऊ देऊ. या बाबतीत नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी फार मोलाचं काम केलं आहे. २०१० साली त्यांनी दाखवलं की पोट उघडून साफ करण्यापेक्षा आधी नुसता निचरा केला, म्हणजे नळी घालून आतला पू वाहून जाऊ दिला, आणि गरज पडली तरच पुढची पायरी चढली, तर गुंतागुंत कमी होते. पायरीपायरीने गेलेल्यांपैकी ३५ टक्क्यांना निचऱ्याखेरीज काही लागलंच नाही. २०२१ साली त्यांनी जंतू शिरल्यावर लगेच निचरा आणि थांबून निचरा यांची तुलना केली. घाईचा फायदा दिसला नाही, आणि थांबवलेल्यांपैकी ३९ टक्के नुसत्या अँटिबायोटिकवर निभावले. माझा भाऊ त्यांच्यात नव्हता.

एकतिसाव्या दिवशी त्याला आत नेलं. स्वादुपिंड जठराच्या अगदी मागे असतं, म्हणून जवळची वाट तोंडातून जठरात आणि जठराच्या मागच्या भिंतीतून पलीकडे. दुर्बिणीच्या टोकालाच सोनोग्राफी असते. मध्ये रक्तवाहिनी नाही हे बघून भिंतीला छिद्र पाडतात आणि त्यात धातूच्या जाळीचा स्टेंट, म्हणजे छोटी पोकळ नळी, बसवतात. आकार डमरूसारखा, दोन्ही तोंडं रुंद, मध्ये कंबर, म्हणजे तो सरकत नाही. पू जठरात वाहून येतो. पोटावर टाका नाही. दुसऱ्या दिवशी ताप उतरला, आणि मी वहीत ९८.८ लिहिलं तेव्हा माझा हात कापत होता.

पण घट्ट तुकडे आत उरले होते. मग त्याच वाटेने दुर्बीण पलीकडे घालून ते एकेक पकडून जठरात आणून सोडले. असं तीनदा. दुसऱ्या खेपेनंतर रात्री काळी शौच झाली, रक्तदाब पडला. सीटी करून, मांडीच्या रक्तवाहिनीतून तार घालून, रक्त येणारी जागा बंद केली. म्हणून कोणी मला "दुर्बिणीने सोपं असतं ना?" म्हटलं की मी हो म्हणत नाही. २०१८ साली त्याच देशात दुर्बीण आणि छोट्या छेदाची शस्त्रक्रिया यांची तुलना झाली, तेव्हा मृत्यू आणि मोठी गुंतागुंत यांत फरक निघाला नाही. फरक पडला तो स्वादुपिंडाचा रस बाहेर झिरपत राहण्यात. शस्त्रक्रियेत ३२ टक्के, दुर्बिणीत ५ टक्के. शिवाय दवाखान्यातले दिवस कमी झाले.

धातूचा स्टेंट फार दिवस ठेवत नाहीत, तो रुतून रक्तस्राव होऊ शकतो. भावाचा चार आठवड्यांच्या आत काढला आणि जागी प्लास्टिकच्या दोन बारीक नळ्या ठेवल्या, कारण स्वादुपिंडाची नळी मध्येच तुटली होती. दोन महिन्यांनी पित्ताशय काढलं. आता त्याला साखरेचं औषध लागतं आणि जेवताना पाचक रसाची कॅप्सूल.

तेव्हा फोन करणाऱ्यांनो, दवाखाना बदलायच्या आधी डॉक्टरांना एवढं विचारा: जंतुसंसर्ग झालाय का? भिंत किती धरली? लघवी आणि श्वास कालच्यापेक्षा बरे की वाईट? रात्री रक्त आलं तर ते बंद करणारा इथे आहे का? अवयव बिघडतच चालले असतील, रक्त वाहत असेल, आतड्याला भोक पडलं असेल, तर थांबायचं नसतं, हेही खरं. सोनोग्राफीची दुर्बीण, रक्तवाहिनी बंद करणारे, आयसीयू आणि सर्जन यांतलं एक जरी जिथे नसेल तिथून रुग्ण हलवायचा तर तब्येत बरी असतानाच हलवा. नागपूरहून हैदराबाद साधारण ५०० किलोमीटर आहे, आणि बिघडलेल्या माणसासाठी तो रस्ता फार लांबचा आहे. पण सगळं एका छताखाली असेल आणि आकडे सुधारत असतील, तर केवळ आपल्याला धीर धरवत नाही म्हणून त्याला ॲम्ब्युलन्समध्ये घालू नका.

वही मी जपून ठेवली आहे. रकाने कसे पाडायचे ते बघायचं असेल तर फोन करून संध्याकाळी सहानंतर घरी या. कोऱ्या वहीवर मी रेघा मारून देईन.