लाल बॅज नसलेली सिव्हिक

माझी होंडा सिव्हिक एफडी बॉडीची, म्हणजे आठव्या पिढीची, १.८ पेट्रोल, मॅन्युअल गिअर. गेल्या आठवड्यात ओडोमीटरवर १,८०,००० पूर्ण झाले आणि तेव्हापासून "आता तरी विकणार ना?" असं विचारणारे वाढलेत. नाही विकणार. का नाही ते एकदाच नीट लिहून ठेवतो.

आधी थोडं घराण्याबद्दल. पहिली सिव्हिक १९७२ ची, इवलीशी गाडी. तिच्यात पुढे सीव्हीसीसी इंजिन आलं आणि अमेरिकेतल्या १९७० च्या हवा-प्रदूषणाच्या कायद्यातल्या कडक मर्यादा त्या इंजिनाने कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा डबा) न लावता पाळून दाखवल्या. मोठमोठ्या कंपन्या हे जमणार नाही म्हणत होत्या त्या काळातली ही गोष्ट आहे. म्हणजे बघा, सिव्हिकची पहिली ओळख स्वच्छ जळणारं इंजिन अशी होती, पळण्याची हौस नंतर आली. १९८९ मध्ये एसआयआर ही वेगवान आवृत्ती आली, १.६ लिटरमधून १६० पीएस (साधारण तेवढेच हॉर्सपॉवर), टर्बो वगैरे काही नाही. १९९७ ला ईके९, पहिली सिव्हिक टाइप आर (लाल बॅजवाली, सगळ्यात वेगवान आवृत्ती), तेवढ्याच १.६ मधून १८५ पीएस आणि ती ताकद मिळते ८,२०० आरपीएमला! आमची रोजची गाडी तिथे पोचायच्या कितीतरी आधी थांबते.

मला स्वतःला सगळ्यात जवळची वाटते ती २००७ ची टाइप आर, एफडी२. कारण ती सेडान आहे. टाइप आर म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर हॅचबॅक येते, पण त्या पिढीत जपानमध्ये सिव्हिक सेडान म्हणूनच विकली जात होती म्हणून तिथली टाइप आरसुद्धा चार दारांची झाली. २.० लिटरचं के२०ए इंजिन, २२५ पीएस, सहा गिअर, पुढे ब्रेम्बोचे ब्रेक, १८ इंची चाकं. व्हीलबेस २,७०० मिमी, माझ्या गाडीचा आहे तेवढाच. त्याच गाडीची मुगेन आरआर म्हणून २४० पीएसवाली आवृत्ती निघाली होती, फक्त ३०० गाड्या, सगळ्या लाल.

कामानिमित्त जपानला गेलो होतो तेव्हा तिथल्या एका सहकाऱ्याकडे एफडी२ आहे हे कळलं आणि मी त्याला अक्षरशः विनवणी करून एक फेरी मारायला लावली. दार उघडलं आणि मला एकदम घरी आल्यासारखं झालं, कारण तोच दोन मजली डॅशबोर्ड, वर डिजिटल स्पीड आणि खाली स्टीअरिंगमधून दिसणारा गोल आरपीएम मीटर, पुढे पसरलेली तीच लांबलचक काच. फक्त सीट लाल-काळ्या बकेट, अंगाला घट्ट धरणाऱ्या, आणि गिअरचा नॉब धातूचा, थंडगार. चार हजारापर्यंत मला वाटत होतं ठीक आहे, चांगली आहे गाडी. मग त्याने दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबूनच ठेवला आणि साडेपाच-सहा हजाराच्या आसपास आवाजच बदलला, म्हणजे वाढला असं नाही, आवाजाची जातच बदलली, घोगरा होता तो एकदम टिपेला गेला आणि पाठ सीटला चिकटली. मी काही बोललोच नाही, तोही हसला नुसता.

पण सस्पेंशन इतकं कडक आहे की रस्त्यावरची प्रत्येक जोडपट्टी कमरेला कळते. अर्ध्या तासात माझी पाठ बोलायला लागली. रोज आईवडिलांना बसवून न्यायची ही गाडी नाही हे मनापासून आवडूनही मान्य करावं लागतं.

आता मुद्द्याची गोष्ट. तो आवाज बदलतो ते व्हीटेकमुळे, म्हणजे व्हॉल्व्ह किती उघडायचे ते बदलणारी होंडाची युक्ती. व्हीटेक व्हीटेक सगळे करतात, पण आत काय होतं? कॅमवर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या फिरत्या दांड्यावर, दोन वेगवेगळ्या आकाराचे लोब (उंचवटे) असतात. एरवी व्हॉल्व्ह छोट्या लोबवर चालतात, आरपीएम वाढला की ऑइलच्या दाबाने एक पिन सरकते, रॉकर आर्म एकमेकांना जोडले जातात आणि व्हॉल्व्ह मोठ्या लोबवर जास्त उघडायला लागतात. एवढंच. तीच पिन माझ्या १.८ मध्येही आहे! पण तिथे तिचं काम उलटं, गाडी निवांत एका वेगात चालली असेल तेव्हा इनटेकचा व्हॉल्व्ह उशिरा बंद करायचा म्हणजे थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) जास्त उघडा ठेवता येतो, हवा ओढायला इंजिनाला कमी कष्ट पडतात आणि पेट्रोल वाचतं. एकच युक्ती, एका बहिणीला पळायला दिली, दुसरीला काटकसरीला. हे समजलं त्या दिवसापासून मला माझ्या गाडीत लाल बॅज नसल्याची खंत वाटलेली नाही.

आणि म्हणूनच ऑइल. ज्याच्या दाबावर पिन सरकते ते ऑइलच चुकीचं किंवा घाण असेल तर काय होणार? मध्यंतरी माझी गाडी सकाळी थंडीत सुरू केली की आयडलला थरथरायची, पिकअपही बसला होता. एका गॅरेजवाल्याने आधी जाड ऑइल घातलं, मग गरम इंजिनवरच टॅपेट आवळून दिले (म्हणजे व्हॉल्व्हच्या वरची बारीक फट कमी केली), आवाज गेला म्हणून मीही खूश झालो, आणि महिन्याभरात थरथर दुप्पट. शेवटी दुसऱ्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. ते म्हणाले, "साहेब, गाडी रात्रभर इथेच राहू द्या, गार झाल्याशिवाय मी कव्हर उघडणार नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी मी समोर उभा. फिलर गेजची (फट मोजायची) पातळ पट्टी घेऊन एकेक व्हॉल्व्ह. इनटेकला फट ०.१८ ते ०.२२ मिमी पाहिजे, एक्झॉस्टला ०.२३ ते ०.२७. एक्झॉस्टच्या दोन व्हॉल्व्हमध्ये ०.१५ ची पट्टीसुद्धा जाईना. म्हणजे व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नव्हते, दाब गळत होता. त्यांनी नट सैल केला, स्क्रू केसभर फिरवला, पट्टी सरकवून बघितली, मग माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "ओढा. लोण्यातून सुरी गेल्यासारखी नको, थोडी अडकत आली पाहिजे." ती अडकण बोटांना अजून आठवते. नट परत आवळताना स्क्रू हलतो, म्हणून आवळून झाल्यावर पुन्हा मोजायचं, हे पण तिथेच शिकलो. सोळा व्हॉल्व्ह, अख्खी सकाळ गेली. बारीक टकटक राहिली तर राहू दे म्हणाले, चूप झालेला टॅपेट जास्त घातक.

त्यानंतर गाडी अशी चालतेय की बास.

बाकी रिव्ह्यू म्हणाल तर थोडक्यात: पुढचा खांब जाड आणि तिरका आहे, वळणावर मान पुढे काढून बघावं लागतं. बुटकी आहे, गतिरोधकावर तिरकी घ्या. मागचं सस्पेंशन मात्र डबल विशबोन (प्रत्येक चाक स्वतंत्र हलतं), या आकाराच्या गाडीत ही चैन आहे, आणि टाइप आरचा पायाही तोच. घाटात साठच्या वेगाने वळताना मागची चाकं पुढच्यांच्या मागोमाग शहाण्यासारखी येतात, अजूनही, एवढ्या किलोमीटरनंतर.

२०१५ पासून टाइप आर टर्बो झाली, आताची एफएल५ जपानमध्ये ३३० पीएसची आहे आणि २०२३ मध्ये तिने जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंग ट्रॅकला ७ मिनिटं ४४.८८१ सेकंदांत फेरी मारली. जबरदस्त आहे, वाद नाही. मला तरी तो टिपेचा आवाजच हवासा वाटतो.

मागच्या उजव्या बाजूला खड्ड्यात हल्ली कुईकुई येतेय, बहुतेक सस्पेंशनचं रबरी बुश गेलंय. रविवारी मिस्त्रींकडे सोडणार आहे, आणि यावेळी दोन्ही बाजूंचे एकदमच बदलून घेणार.