‘कानून’ आणि आमच्या घरातले दोन तट

आज इंदिरानगरला मामांकडे सगळ्यांनी मिळून बी. आर. चोप्रांचा ‘कानून’ पाहिला. १९६० चा, कृष्णधवल, एकही गाणं नाही. सुरुवातीलाच आरोपी झालेला नट जीवन कोर्टात विचारतो, ज्याच्या खुनाची शिक्षा मी आधीच भोगली, त्याच्याच खुनाची पुन्हा कशी देणार? आईच्या हातातली भुईमुगाची शेंग फोडायची तशीच राहिली.

पण शेवटावरून जे पेटलं! भाचा म्हणाला, “आजी, ही चक्क फसवणूक आहे. आधी एखादा तरी धागा द्यायचा ना.” मामांनी उभी हयात कोर्टात कारकुनी केली. त्यांचा आवाजच चढला, “अरे, डोळ्यांनी पाहिलेलंही खोटं ठरतं, हेच तर सांगायचंय! त्यावर माणूस फासावर जातो.”

रहस्यपट म्हणून मला भाच्याचंच पटतं. शेवट आयत्या वेळी आणून बसवल्यासारखा वाटतो. तरी नाना पळशीकरांचा तो भुरटा चोर, न केलेल्या खुनासाठी पिंजऱ्यात उभा असलेला, डोळ्यांसमोरून जात नाही. त्याच्यासाठी मी हा सिनेमा पुन्हा बघेन.

निघताना लिफ्टपाशीसुद्धा दोघांचं चालूच होतं. आई म्हणाली, “पुढच्या रविवारी परत लावा, मला नीट बघायचाय.”