शाईने काढलेल्या शेपट्या

लिथुएनियाच्या राजधानीत, व्हिल्नियसमध्ये, जुन्या कागदपत्रांच्या जतनाचं काम करते त्याला चार वर्षं होत आली. त्या दिवशी टेबलावर सोव्हिएत काळातली एक फौजदारी फाइल आली. तिच्यात पुरावा म्हणून टाचलेलं एक पानी वृत्तपत्र होतं, पार्टिझनांनी, म्हणजे सोव्हिएत सत्तेविरुद्ध जंगलात राहून लढणाऱ्यांनी, गुपचूप काढलेलं. टाचणी गंजलेली, घडीवर पान दुभंगायला आलेलं. जपानी टिश्यू आणि गव्हाची खळ लावून ती घडी सांधायची, एवढंच माझं काम.

भिंगातून पाहिलं आणि हात थांबला. लिथुएनियन लिपीत काही स्वरांच्या पायाशी बारीकशी शेपटी असते. त्या टाइपरायटरला ती नव्हती. म्हणून कुणीतरी पानभर, एकेका अक्षराखाली, शाईने शेपटी काढली होती. नसती काढली तरी शब्द कळलेच असते. पकडलं गेलं तर सैबेरिया नाहीतर गोळी, आणि तरी हा माणूस शुद्धलेखन सांभाळत बसला होता! पण 1864 ते 1904 अशी चाळीस वर्षं रशियाच्या झारने ज्यांना स्वतःच्या लिपीत छापूच दिलं नाही, ज्यांचे पुस्तक-वाहक प्रशियातून चोरून पुस्तकं आणत, त्यांच्यासाठी ती शेपटी साधी नव्हती.

फाइलमध्ये या माणसांना एकच नाव आहे: बांदितास, म्हणजे डाकू. दोन बोटांवरच्या त्या पानात तोच माणूस सैनिक आहे. 1944 ते 1953 या लढ्यात जवळपास वीस हजार पार्टिझन मारले गेले. शपथ, हुद्दा, गणवेश, आपण टोळी नाही, व्यापलेल्या देशाचं सैन्य आहोत, ही ओळख त्यांनी अशा पानांतून स्वतःलाही पुन्हापुन्हा सांगितली. ब्रोन्युस क्रिविट्स्कास हा कवी अशी पत्रं संपादित करता करता 1952 मध्ये मारला गेला. एका मुखपत्राचं नाव तर रूपिंतोयेलिसवरून होतं, म्हणजे गालाला हात लावून बसलेल्या, रस्त्याकडेच्या लाकडी येशूवरून. गावातल्या कुठल्याही आजीला ते नाव आपलं वाटलं असतं.

शत्रूलाही त्यांनी नाव दिलं. सोव्हिएतांच्या स्थानिक सशस्त्र तुकड्यांचं रशियन नाव 'इस्त्रेबितेल', नाश करणारा. त्याला लिथुएनियन प्रत्यय लागून 'स्त्रिबास' झालं. सरकारने त्यांना 'जनतेचे रक्षक' हे नाव देऊन पाहिलं, पण लोकांच्या तोंडी स्त्रिबासच राहिलं. हे बहुतेक लिथुएनियनच होते, शेजारपाजारचे. म्हणूनच मला या पानांची थोडी भीतीही वाटते. परका रशियन हा लांबचा शत्रू. पण शेजाऱ्याला एकदा देशद्रोही ठरवलं की त्याला मृत्युदंड द्यायला वेळ लागत नसे, आणि पार्टिझनांनी तसे दंड दिलेही. तिकडे सोव्हिएतांकडून मारलेल्या पार्टिझनांची प्रेतं चौकात टाकली जात, ओळखून रडेल त्या नातेवाइकाला पकडता यावं म्हणून.

आमच्या विभागातल्या ज्येष्ठ बाईंना मी पान दाखवलं. त्या मोठ्याने वाचू लागल्या आणि एका गावाच्या नावाशी थांबल्या. "आमच्या आईचं गाव," एवढंच म्हणाल्या. बाकीचं त्यांनी मनात वाचलं. मी विचारलं नाही.

मग शेपट्यांची शाई पाण्याला टिकते का, ते एका कोपऱ्यात तपासलं. टिकत नव्हती. खळ अगदी घट्ट ठेवली, टीपकागद बदलत राहिले. ती एक घडी सांधायला संध्याकाळ झाली.