केळीचा घड, ट्रॉली आणि एक झोळी

एखादी वस्तू घडवून घेण्यासाठी जळगावच्या आमच्या वर्कशॉपमध्ये येणारे लोक सहसा अडचण सांगत नाहीत. मनाशी ठरवून आणलेला उपाय सांगतात. रावेर तालुक्यातील एका केळी बागायतदारांनीही तेच केले. त्यांना आतून मऊ, पुन्हा पुन्हा वापरता येईल असा मजबूत खोका हवा होता. खोका कशासाठी, असे विचारल्यावर मूळ गाऱ्हाणे बाहेर आले. माल बागेतून हिरवागार आणि स्वच्छ निघतो, पण रायपनिंग चेंबरमध्ये, म्हणजे केळी पिकवण्याच्या बंद खोलीत, पिवळा झाला की सालीवर काळे डाग उमटतात आणि व्यापारी पुढच्या खेपेला भाव कापतो.

हिरव्या केळीला बसलेला मुका मार त्याच वेळी दिसत नाही, ही या प्रश्नातली खरी मेख आहे. बागेत, बांधावर, ट्रॉलीत किंवा ट्रकमध्ये कोठेही धक्का बसला तरी डाग पिकल्यावरच दिसतो, त्यामुळे प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवू शकतो. म्हणून कागदावर एकही रेघ ओढण्याआधी आम्ही कापणीच्या प्रत्येक टप्प्यावर काही फण्या बाजूला काढल्या, त्यांना टप्प्यानुसार वेगळ्या रंगाचा दोरा बांधला आणि त्या सर्व फण्या एकाच चेंबरमध्ये, १६ ते १८ अंश तापमानाला इथिलीन या फळे पिकवणाऱ्या वायूवर पिकवल्या. थंडीने सालीवर येणारा चरका आणि घासल्याचा डाग यांत गल्लत होऊ नये, यासाठी हे काम हिवाळा टाळून केले. कापून खांद्यावर आणलेला माल बहुतांशी निर्दोष निघाला; डाग वाढले ते घड जमिनीवर टेकवल्यानंतर आणि ट्रॉलीत घडावर घड रचल्यानंतर. खोका या दोन्ही टप्प्यांनंतर येतो, म्हणजे तो कितीही उत्तम केला असता तरी मार बसलेलीच केळी त्यात भरली गेली असती.

घड जमिनीवर का टेकवला जातो, याचे उत्तर कापणी करणाऱ्या टोळीतल्या एका मजुराने दिले. "भाऊ, ट्रॉलीत रचणारा माणूस एकच असतो. त्याची वाट पाहत वीस-पंचवीस किलो खांद्यावर धरून कोण उभं राहील?" त्याचे म्हणणे रास्त होते. टोळीची मजुरी मालावर ठरते, त्यामुळे थांबणे तिला परवडत नाही. येथे आणखी एक गुंता आहे आणि माझ्या मते डिझाइनच्या पुस्तकांत त्याला फार कमी जागा मिळते: केळी शेतकऱ्याची, टोळी व्यापाऱ्याची आणि ट्रॉली बहुधा तिसऱ्याचीच. डागाचा तोटा ज्याला होतो तो घड हाताळत नाही आणि जो हाताळतो त्याला तोटा होत नाही. म्हणून जपून हाताळण्याचे आवाहन निरुपयोगी ठरते. टोळीचे काम सोपे होईल आणि केळी आपोआप जपली जाईल, अशीच वस्तू टिकू शकते.

लॅटिन अमेरिकेतल्या मोठ्या बागांत पोलादी तारेवरून लोंबकळत घड थेट पॅकहाउसपर्यंत नेतात. घड टेकू न देण्याचे ते तत्त्व आम्हाला पटले, मात्र आपल्याकडची छोटी क्षेत्रे आणि पिकाबरोबर बदलणारे प्लॉट पाहता तारेचा खर्च कोणी करणार नाही. ट्रॉलीवरच घड उभे टांगावेत, तर ट्रॉलीचा तळ आधीच कमरेएवढा उंच असल्याने आकडा डोक्याच्या बराच वर जातो. बांबू आणि सुतळीच्या नमुन्यावर हे एका दुपारीच स्पष्ट झाले. त्यानंतर आडव्या झोळीची कल्पना पुढे आली: दोन पाइपांमध्ये कॅनव्हासची झोळी, खांद्यावरचा घड थेट तिच्यात, प्रत्येक घड स्वतंत्र. फाळका पाडला की खालची रांग जमिनीवरून भरता येते आणि वरच्या रांगेसाठी बाजूला पायरी लागते. एका खेपेत घड कमी बसतात, हे खरे. परंतु रचणारा माणूस वाचतो आणि खाली ठेवून पुन्हा उचलण्याचे कष्टही वाचतात. टोळीने हा हिशेब आमच्याआधी मांडला.

साहित्याची निवड कागदावर फारशी होत नाही. फोम केळीच्या चिकाने काळा पडून कडक होतो आणि आपल्याकडच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात त्याचा भुगा होतो, म्हणून तो बाद केला. कॅनव्हास काढून धुता येतो. पाइपाच्या उघड्या कडांवर ठिबकची जुनी १६ मिलिमीटरची लॅटरल (बारीक नळी) उभी चिरून चढवली. शेतात ती पडूनच असते आणि फाटली तर बदलायला कोणाला विचारावे लागत नाही. गंज लागू नये म्हणून गॅल्व्हनायझिंग (जस्ताचा थर) करावे असे मला वाटत होते, मात्र किमतीमुळे रेडऑक्साइड आणि रंगावर समाधान मानले.

ब्रिटनच्या डिझाइन कौन्सिलने रूढ केलेली 'डबल डायमंड' ही आकृती या प्रक्रियेचे चार टप्पे नीटनेटके दाखवते: आधी प्रश्न विस्तारून पाहायचा आणि नेमका करायचा, मग उपाय विस्तारून पाहायचे आणि एकावर यायचे. शिकवायला ती उपयोगी आहे. प्रत्यक्षात वाळूच्या गोण्या भरून गाडवाटेवर ट्रॉली फिरवली तेव्हा झोळ्या एकमेकींवर आदळू लागल्या, आणि उपाय ठरून गेलेला असतानाही घडाची लांबी-रुंदी नव्याने मोजायला आम्हाला पुन्हा बागेत जावे लागले.

नमुना चालणे आणि तीच वस्तू दहा वेळा सारखी बनणे, यांत बराच फरक असतो. झोळीचे पाइप अदलाबदल करता यावेत म्हणून वेल्डिंगसाठी जिग (भाग ठरावीक जागी धरणारा साचा) केला आणि नट-बोल्ट सगळे एकाच मापाचे ठेवले. पहिले नग शेतावर गेल्यावर एका ठिकाणी पाण्याचा कॅन अडकवण्यासाठी आकडा जोडलेला दिसला, तर दुसरीकडे वरची पायरी वितभर खाली घेतलेली होती. पायरीचे ते माप आम्ही मूळ ड्रॉइंगमध्ये घेतले. ट्रॉल्यांची रुंदी मात्र प्रत्येक फॅब्रिकेटरची वेगळी असल्याने सध्या सरकत्या क्लॅम्पवर काम चालू आहे. तोपर्यंत ऑर्डर घेताना ट्रॉलीचे माप आधी मागवतो.